नगरसेविकेचा खाडा

मालनताई,

तुम्ही गेलात त्याला आज बारावा दिवस. परवा विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडळी मला म्हणाली, काका, पाच वर्षं पालिकेत तुम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलात, तुम्ही दोन मिनिटं बोला. मी उभा राहिलो आणि तुम्ही आणलेले नळ, बांधलेली गटारं, लावून घेतलेले दिवे यांची यादी वाचून खाली बसलो. लोकांनी माना डोलावल्या. घरी आलो आणि स्वतःचाच राग आला. यादी काय, पालिकेचा कारकूनही वाचेल. सांगायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं, शिवाय त्यात माझी बरीच फजिती होती. म्हणून इथे लिहितो आहे. तुम्ही मध्येच म्हणाला असतात, "काका, मुद्द्यावर या." येतो.

आपल्या अंबरनाथला कित्येक वर्षं स्वतःची नगरपालिकाच नव्हती. ती परत मिळाली, निवडणूक झाली, आणि सरकारी कारखान्यातून तपासणीस म्हणून निवृत्त झालेला मी नगरसेवक झालो. तुम्ही बुवापाड्यातून महिलांच्या राखीव जागेवर आलात. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सेठकडे तुम्ही शर्टांना बटणं लावायचं काम करायचात, डझनावर मजुरी. माझी पेन्शन दर महिन्याला बँकेत आपोआप यायची. तेव्हा मला वाटायचं, आपल्या दोघांत फरक एवढाच की तुम्ही रेल्वेलाइनच्या तिकडे राहता आणि मी इकडे.

तिसरी की चौथी सर्वसाधारण सभा असेल. दुपारी दोनची. पाणीपट्टीवर चर्चा सुरू होती. तुम्ही पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उघडलीत, एक पांढरा शर्ट मांडीवर घेतलात आणि सुईत दोरा ओवलात.

मी हळूच विचारलं, "हे काय?"

"शर्ट."

"ते दिसतंय मला. सभागृहात?"

"कान मोकळे आहेत ना काका. हातांना काय काम आहे हितं?"

मी आयुष्यभर तपासणीस. जिथे तिथे नियम शोधायची सवय. उभा राहिलो आणि हरकत घेतली: सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, सन्माननीय सदस्या कामकाज चालू असताना शिलाई करत आहेत. अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. शस्त्र आणू नये असं होतं, छत्री आणू नये असंही कुठे तरी सापडलं, सुईबद्दल काही नव्हतं. तोवर तुम्ही चौथं बटण लावून दोरा दातांनी तोडला होतात. मग उभं न राहताच म्हणालात, "अध्यक्ष साहेब, मागच्या रांगेत दोन मेंबर झोपलेत. डुलकी चालते, तर सुई का नाय?"

सगळं सभागृह हसलं. त्या हसण्यानं झोपलेले दोघे दचकून उठले आणि अर्धवट झोपेतच त्यांनी पाणीपट्टीच्या बाजूनं हात वर केले. मी हरकत मागे घेतली नाही, पण खाली बसलो. पुढच्या सभेला आणखी एका ताईंनी मेथीची जुडी आणली. त्याच्या पुढच्या सभेला लोकरीचे गुंडे आले. दिवाळीच्या सुमाराला अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली की भाजी निवडा, पण देठं खाली टाकू नका, शिपाई तक्रार करतो. मला हे सगळं तेव्हा भयंकर वाटत होतं. आज लिहिताना हसू आवरत नाही.

चहाच्या सुट्टीत तुम्ही मला कारण सांगितलंत. दुपारची मिटिंग म्हणजे खाडा. कामावर गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी बुडाली. मिटिंगचा भत्ता रिक्षाला आणि चहाला पुरायचा, आणि मिटिंग तर नावाला. सकाळी दाखला द्या, दुपारी फुटलेली पाइपलाइन बघायला चला, संध्याकाळी मयताला लाकडं मिळवून द्या. सेठनं निवडून आल्यावर तुम्हाला पेढे दिले होते आणि आता खाडे वाढल्यावर सांगितलं होतं, "बाई, मेंबर बनी, बहुत अच्छा. पर माल कौन निकालेगा? एक महिना देखता हूँ." घरात तीन शाळकरी मुलं, नवऱ्याचं काम कधी आहे कधी नाही. "महिन्याभरात काय तरी जमवावं लागेल," तुम्ही म्हणालात, "नायतर राजीनामा. मेंबरकी सोडता येते, पोरांचं जेवण सोडता येत नाय."

आणि मी काय म्हणालो? मी तुम्हाला लोकसेवेवर व्याख्यान दिलं. सेवेचे पैसे घेतले की ती नोकरी होते, असं मी म्हणालो. नगरसेवक पगारी झाला की नोकर झाला, असंही म्हणालो.

"नोकरच हाय मी," तुम्ही म्हणालात. "बुवापाड्याची. मग नोकराला पगार द्या."

"अहो, मी घेतो का काही? मीही तेवढाच वेळ देतो."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "काका, तुमची सेवा तुमची पेन्शन पोसते. माझी कोण पोसणार?"

मला राग आला. खरं बोललं की मला येतो तसा. आठ दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून न बोलणं फार अवघड असतं, कारण माझा चष्मा सारखा घरी राहायचा आणि अजेंडा तुम्हीच वाचून दाखवायचात. नवव्या दिवशी तुम्ही कोरा कागद पुढे केलात. "मानधनाचा ठराव लिहून द्या. तुमची भाषा सरकारला कळते."

"मी त्याच्या विरोधात आहे."

"असा की. विरोध करा. पण लिहून द्या."

असा माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही, ताई. विरोधकाकडूनच ठराव लिहून घ्यायचा! आणि मी लिहिला. चांगला लिहिला. फक्त आकड्याची जागा मोकळी सोडली, कारण किती मागायचं हे तुम्हालाही ठरवता येईना. आमदारांकडे बघितलं तर आकडा फार मोठा वाटे, सेठच्या मजुरीकडे बघितलं तर लाज वाटे. मग तुम्हीच म्हणालात, पैसे लोकांचे आहेत, लोकांनाच विचारू. रविवारी सकाळी विहाराच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. मी "निरीक्षक म्हणून" आलो होतो. माझ्या "नमस्कार"ला पन्नास "जयभीम" आले, आणि पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली.

ती सभा मी विसरणार नाही. एक रिक्षावाला म्हणाला, "मीटरप्रमाणे द्या. फिरली तेवढं बिल. वेटिंग धरून." एक म्हातारी म्हणाली, वर्षाला दोन चांगल्या साड्या द्या, आमची पोरगी पालिकेत नीट दिसली पाहिजे. कॉलेजातल्या एका पोरीनं विचारलं, "पण पैसा मिळायला लागला तर सगळेच पैशासाठी नाही का उभे राहणार?" मी जोरात मान हलवली. तुम्ही तिला म्हणालात, "आता कोण उभं राहतंय ते बघ. ज्याच्या घरी आधीच हाय तो." माझी मान थांबली.

मग कारखान्यातून निवृत्त झालेले एक दादा उठले. कानानं अधू होते, म्हणून फार मोठ्यानं बोलायचे. ते म्हणाले, "पगार नको, बक्षीस नको. खाडा भरून द्या. हातानं काम करणाऱ्याचा एका दिवसाचा जेवढा रोज, तेवढा तिला प्रत्येक कामाच्या दिवसाला द्या. आपल्या नगरसेविकेचा खाडा होता कामा नये."

मी न राहवून विचारलं, "आणि डॉक्टर निवडून आला तर? त्याचा खाडा केवढा?"

"त्याला बी एक रोजच. बाकी दवाखाना संध्याकाळी उघड म्हणावं!"

पटांगण हसलं, आणि ठरलं. डॉक्टर असो, व्यापारी असो, बटणं लावणारी असो, मेहनत करणाऱ्या माणसाचा एक रोज. आयुष्यात मी अनेक समित्यांवर बसलो. योग्य मोबदला म्हणजे काय, हे इतक्या सरळपणे ठरलेलं मी दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही. मला ते आवडलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.

ठराव सभेपुढे येणार, मग सरकारकडे जाणार. आणि सेठचा महिना तर संपत आलेला. तेव्हा तुमच्या समोरच्या घरातल्या शकूनं मार्ग काढला. ती म्हणाली, "सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आमी हाव ना." मिटिंगच्या दिवशी तुमचा शर्टांचा गठ्ठा गल्लीत सहा घरांत वाटला जाऊ लागला. प्रत्येकीनं दोन डझन लावायचे, संध्याकाळी गठ्ठा पुन्हा तुमच्या दारात. मजुरी तुमच्या नावावर. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. सेठला माल वेळेवर मिळाला, आणि राजीनाम्याचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

हे कळलं त्या दिवशी मला माझं लोकसेवेवरचं व्याख्यान आठवलं आणि फार लाज वाटली. मी शकूकडे गेलो आणि एक डझन शर्ट मागितले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुमाला येतं?"

"तीस वर्षं तपासणीत होतो मी. बटण काय घेऊन बसलीस? आणि हे मालनताईंना सांगायचं नाही."

मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. टेबलावर शर्ट पसरला, स्टीलची फूटपट्टी घेतली, वरपासून खालपर्यंत मोजलं, सातानं भागलं आणि अगदी समान अंतरावर पेन्सिलीनं खुणा केल्या. खडूच्या खुणा आधीच होत्या, पण त्या मला सारख्या अंतरावर दिसेनात, म्हणून मी त्या पुसल्या. दोन दिवस खपलो. बोटाला आठ ठिकाणी टोचलं. बारा शर्ट, एका बटणात सुताचाही फरक नाही. मला वाटलं, असं काम कॅम्प दोननं पाहिलं नसेल.

खरंच पाहिलं नव्हतं. कॉलरजवळचं काज पुढच्या काजाच्या जवळ असतं, बाकीची लांब असतात, हे साठी उलटलेल्या माणसाला माहीत नव्हतं. साठ वर्षं रोज शर्ट घालून! बटणं लावली की बाराही शर्टांना गळ्याखाली फुगा येत होता. सेठनं गठ्ठा परत पाठवला आणि विचारलं, "ये कौन से इंजिनियर ने लगाया है?"

पुढच्या सभेत तुम्ही ते बारा शर्ट मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसलात. एकेक बटण उसवत म्हणालात, "कुणी तरी फूटपट्टीनं लावलीत. आमच्या गल्लीत तर कुणाकडं फूटपट्टी नाय." मी अजेंडा वाचत होतो. चष्म्याशिवाय. तुम्ही एक शर्ट माझ्या मांडीवर ठेवलात, सुई हातात दिलीत आणि हळूच म्हणालात, "आधी काज बघायचं, काका. मग बटण." त्या दिवशी सभागृहात शिलाई करणारे सदस्य दोन होते. हरकत कुणी घेतली नाही.

ठराव आला तेव्हा मी विरोधात वीस मिनिटं बोललो. बटणं लावून झाल्यावरसुद्धा! तत्त्व म्हणून. एका ठेकेदार सदस्यानं छाती काढून जाहीर केलं की त्याला एक पैसाही नको. तुम्ही उठलात. "ज्याला मानधन नको, त्याला दुसरं काय हवंय तेवढं विचारून घ्या." पुढे कुणी नको म्हणायची हिंमत केली नाही. ठराव मंजूर झाला. विरोधात एक हात, माझा. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "भाषण छान झालं. ठराव पण छान लिहिलाय कुणी तरी."

सरकारचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं. मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण मिटिंगच्या दिवसांचा खाडा भरून निघेल एवढं मिळालं. त्यानंतरच्या पहिल्या सभेला तुम्ही पिशवीशिवाय आलात. रिकामे हात टेबलावर ठेवून बसलात आणि तुमचं तुम्हालाच काही सुचेना. पाच मिनिटं चुळबुळ केलीत आणि मग बोलायला उभ्या राहिलात. बुवापाड्याच्या पाण्यावर चाळीस मिनिटं बोललात. शेवटी अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "ताई, ती बटणं आणा बघू परत." सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात, डोक्यावरचा पदर खाली येईपर्यंत.

मग आपलं शेवटचं भांडण. विरोधात मत देऊन मानधन घेणारा एकमेव सदस्य मीच. ते मनाला खायचं. मी म्हणालो, पेन्शनवाल्यांना देऊ नये, ज्याचा खाडा होतो त्यालाच द्यावं, तेच न्यायाचं. तुम्ही चिडलात. "म्हंजे गरजूंची यादी करणार आणि माझं नाव पहिलं घालणार? मला मदत नको काका, मानधन पायजे. सगळ्यांना सारखं."

"पण काज बघून बटण लावायचं, हे तुम्हीच शिकवलंत मला!"

मला वाटलं, जिंकलो. मग म्हणालात, "शर्टाचं येगळं, माणसाचं येगळं," आणि मिटिंगची घंटा झाली. हे भांडण दोन वर्षं चाललं. तुमचं बरोबर की माझं, हे मला अजून ठरवता येत नाही. एक नवा मुद्दा काढला होता मी. फार बळकट होता. आता तो कुणाला ऐकवू?

आजार लांबला नाही. इस्पितळात आलो तेव्हा बोलायचं ठरवून आलो होतो. तुम्ही विचारलंत, निवडणूक जाहीर झाली का? झाली, म्हणालो. मग मी मोसंब्यांबद्दल बोललो. गोड आहेत, बिया कमी आहेत, असं काहीबाही. तुम्ही ऐकून घेतलंत. खरं तर मला म्हणायचं होतं की त्या ठरावावर मी चुकलो होतो. तत्त्व माझं होतं, पण किंमत तुम्ही मोजत होतात, आणि माझ्यासारख्याला ते दिसायला बारा शर्ट खराब करावे लागले. एवढं एक वाक्य. तेही राहिलं. कारखान्यातल्या तीस वर्षांत मी जितका हसलो नव्हतो तितका तुमच्या शेजारी बसून पाच वर्षांत हसलो, हेही सांगायचं होतं. आता हे तुम्हाला ऐकू जात नाही याचं फार वाईट वाटतं. पण तुमची आठवण आली की आधी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

काल सकाळी शकू आली होती. तुमच्या वॉर्डातून उभी राहते आहे. उमेदवारी अर्ज भरायला माझ्याकडेच आली, आमच्या पक्षाची नसूनसुद्धा. ही खोड तिला कुणी लावली ते मी सांगायला नको. मी एकेक रकाना भरत गेलो. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं, तर म्हणाली, "बटणं लावते असं लिव्हा. तेच करते ना मी." लिहिलं. मग तिनं विचारलं, सही कुठं करायची, फोटो किती लागतात, अनामत कधी भरायची, आणि निवडून आल्यावर मिटिंग कोणत्या वारी असतात. मी सगळं सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो. तिनं अर्जाची घडी केली, "जयभीम काका, येते," म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. आपल्याला हे परवडेल का, हे मात्र तिनं विचारलंच नाही.